वाचकांचे प्रश्न : उतारवयातलं आतडं आणि टेलचं पाणी

या वेळच्या पत्रांचा विषय जवळपास एकच आहे. आतड्यातले जिवाणू आपल्या अन्नापासून जे पदार्थ बनवतात, त्यांची नावं (ब्युटिरेट, युरोलिथिन, इंडोल) आता व्हॉट्सॲपवर आणि औषधांच्या दुकानातल्या बाटल्यांवर दिसू लागली आहेत. साठी ओलांडलेल्या वाचकांना यातलं आपल्या उपयोगाचं किती ते हवं आहे. उत्तरं आमच्या पोटविकार आणि आहार सल्लागारांनी मिळून दिली आहेत.

माझं वय 68. साजूक तुपात ब्युटिरेट असतं आणि आतड्याचं अस्तर त्यावरच जगतं, असं वाचलं. म्हणून रोज सकाळी कोमट पाण्यातून दोन चमचे तूप घेतो. फायदा होतो ना? – एक वाचक, सातारा

तुपात ब्युटिरेट असतं हे खरं. आतड्याचं अस्तर त्यावर जगतं हेही खरं. चुकतं ते दोन्ही जोडताना, कारण तुपातलं ब्युटिरेट त्या अस्तरापर्यंत जातच नाही.

हिशेबच मांडू. तुपातल्या स्निग्ध आम्लांत ब्युटिरिक आम्ल (ब्युटिरेट हे त्याचंच रूप) साधारण 3 ते 4 टक्के. चहाचे दोन चमचे म्हणजे 10 ग्रॅम तूप धरलं, तर हाती आलं 0.3 ते 0.4 ग्रॅम. तेही जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीलाच सुटं होऊन शोषलं जातं आणि यकृतात खर्ची पडतं. याउलट मोठ्या आतड्यातले जिवाणू पुरेसा चोथा (फायबर) मिळाला तर रोज अंदाजे 300 ते 600 मिलिमोल (रेणूंची संख्या मोजायचं एकक) लहान साखळीची आम्लं तयार करतात. त्यात ढोबळमानाने तीन वाटे ॲसिटेट, एक वाटा प्रोपिओनेट, एक वाटा ब्युटिरेट. म्हणजे ब्युटिरेट भरलं 5 ते 10 ग्रॅम. यातले नुसते 5 ग्रॅम तुपातून मिळवायचे म्हटलं तरी रोज जवळजवळ दीडशे ग्रॅम तूप लागेल, आणि ते पोचणार भलत्याच ठिकाणी.

अस्तराला ते लागतं कशाला, हे कळलं की पुढची उत्तरंही सोपी होतील. मोठ्या आतड्याच्या आतल्या थरातल्या पेशी आपली सुमारे 70 टक्के ऊर्जा ब्युटिरेटपासून घेतात. ते जाळताना त्या रक्तातून येणारा ऑक्सिजन वापरून टाकतात, म्हणून आतड्याच्या पोकळीत ऑक्सिजन झिरपत नाही. ब्युटिरेट बनवणाऱ्या फिकॅलिबॅक्टेरियम, रोजबुरिया यांसारख्या जिवाणूंना ऑक्सिजन सोसवत नाही, त्यामुळे ही व्यवस्था त्यांच्याही सोयीची. ब्युटिरेट कमी पडलं की पेशी ग्लुकोजवर भागवतात, ऑक्सिजन शिल्लक राहतो, आत झिरपतो, आणि ई. कोलायच्या कुळातल्यांचं फावतं. वरचा बुळबुळीत थर पातळ होतो, पेशींमधले सांधे सैल पडतात, जिवाणूंचे तुकडे रक्तात जाऊ लागतात. उतारवयातली अंगात मुरलेली बारीक सूज यातूनही पोसली जाते. हा सगळा क्रम मुख्यतः उंदरांमध्ये तपासलेला आहे. माणसांत त्याच्या कड्या सुट्या सुट्या दिसल्या आहेत.

आता वयाचा भाग. मोठं आतडं सुमारे दीड मीटर लांब. कालव्यावर शेती असलेल्यांना हे लगेच समजेल : मुखाशी पाणी भरपूर, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या नशिबी कोरडा चर. उजव्या बाजूला, जिथे लहान आतडं संपतं तिथे, चोथा ताजा असतो आणि ही आम्लं लिटरमागे 70 ते 140 मिलिमोल असतात. डावीकडे शेवटच्या भागात ती 20 ते 70 वर येतात, कारण वाटेत चोथा संपलेला असतो. दात गेले, भूक मंदावली, भाकरीची जागा मऊ भाताने घेतली, की पाणी मुखाशीच मुरतं. टेलला काहीच पोचत नाही.

हे सगळं वयामुळे होतं का? आयर्लंडमधल्या 178 वृद्धांचा 2012 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे बोलका आहे. घरी राहणाऱ्यांच्या आतड्यात जिवाणूंचे प्रकार भरपूर होते. शुश्रूषागृहात दीर्घकाळ राहणाऱ्यांत ते कमी होते आणि ब्युटिरेट बनवणारी जनुकंही कमी होती. हा फरक त्यांच्या ताटातल्या फरकाशी जुळत होता. आमच्या मते जन्मतारखेइतकाच दोष ताटाचा असतो, आणि बदलता येतं ते ताटच.

तेव्हा तूप भाकरीवर खुशाल घ्या, पाण्यातून औषध म्हणून नको. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी रोज किमान 25 ग्रॅम चोथा सांगते. ज्वारीच्या दोन भाकऱ्यांत (120 ग्रॅम पीठ) 12, मटकी किंवा अख्ख्या मुगाची वाटीभर उसळ (30 ग्रॅम कोरडं कडधान्य) 5, एक मध्यम पेरू 5 च्या वर, वरण 2, पालेभाजी 3. झाले 27. दोन वेळा पांढरा भात, पातळ वरण, थोडा दुधी आणि चहाबरोबर खारी, हे ताट मांडून पाहा. 10 ग्रॅमसुद्धा भरत नाहीत.

उसळ सुरू केली की पोट डमरूसारखं फुगतं. या वयात कडधान्यं बंद करावीत का? – एक वाचक, नागपूर

बंद नका करू, हळू करा. ज्या जिवाणूंना वर्षानुवर्षं उसळ मिळाली नाही त्यांची संख्या घटलेली असते. अचानक वाटीभर आली की ती जो कोणी हाताशी असेल तो फस्त करतो आणि वायू सोडतो. पहिला आठवडा दोन मोठे चमचे, दुसऱ्या आठवड्यात पाव वाटी, मग अर्धी, अशी महिन्याभरात पूर्ण वाटी. फुगलं तर मागच्या पायरीवर या आणि तिथे आठवडा थांबा.

निम्मं काम स्वयंपाकघरातच होतं. कडधान्य 8 ते 10 तास भिजवायचं, ते पाणी फेकायचं. उसळीतला वायू मुख्यतः रॅफिनोज या आपल्याला न पचणाऱ्या साखरेचा आणि तिच्या भावंडांचा, आणि या साखरांचा बराच भाग त्या पाण्यात उतरतो. मग दिवसभर बांधून मोड आणायचे, मोडांबरोबर त्या आणखी घटतात. नव्या पाण्यात, दाबल्यावर बोटाने सहज चिरडेल इतकं शिजवायचं. अर्धकच्ची मटकी सत्तरीत कशाला? सुरुवात मुगापासून, मग मटकी, मसूर. चवळी, वाटाणे आणि हरभरा शेवटी. हिंगाची फोडणी द्या, पण भिजवलेलं पाणी ओतून देण्याची सर तिला नाही.

एक संशय मात्र आधी फेडून घ्या : दूध. वाढत्या वयात दुधातली साखर पचवण्याची ताकद पुष्कळांची कमी असते आणि खापर उसळीवर फुटतं. आठवडाभर दूध बंद, दही-ताक चालू, असं करून बघा.

शिळा भात आतड्याला चांगला म्हणतात. आम्ही रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवतो आणि सकाळी फोडणीला टाकतो. बरोबर आहे का? – एक वाचक, चिपळूण

भात बरोबर, ओटा चूक.

भात शिजताना स्टार्चच्या साखळ्या सुटतात, आणि थंड होताना त्या पुन्हा एकमेकींना बिलगून घट्ट होतात. त्यातला काही भाग लहान आतड्यात पचत नाही, तो खाली जिवाणूंकडे जातो आणि त्यातून ब्युटिरेट चांगलं बनतं. गरम केला तरी तो सगळा मोडत नाही. पांढऱ्या भाताच्या एका मोजणीत ताज्या 100 ग्रॅम भातात असा न पचणारा स्टार्च 0.64 ग्रॅम निघाला, आणि 4 अंश सेल्सियसला 24 तास ठेवून पुन्हा गरम केल्यावर 1.65 ग्रॅम. म्हणजे दीड वाटीभर भातामागे फायदा एक-दीड ग्रॅमचा. शिळ्या भाताचं जेवढं कौतुक चाललंय त्या मानाने हा आकडा किरकोळच आहे.

आणि त्यासाठी मोजावी लागणारी किंमत पाहा. तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवून मरत नाहीत. कोमट, दमट भातात ते उगवतात आणि विष सोडतात. हे विष फोडणीच्या उष्णतेनेही नष्ट होत नाही. खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. तरुणाला त्या दुपारपर्यंत सोडतात. रक्तदाबाच्या गोळ्या आणि लघवी वाढवणारं औषध चालू असलेल्या पंचाहत्तरीच्या आजोबांना त्यातून सलाइन लागू शकतं. कोकणातल्या मे महिन्यात ओट्यावरची रात्र म्हणजे या जिवाणूला आयतं आमंत्रण.

करायचं असेल तर असं करा. जेवणानंतर उरलेला भात भांड्यातच गच्च न ठेवता परातीत बोटभर जाडीचा पसरा, कारण ढिगाचा मधला भाग तासन् तास कोमट राहतो आणि घोटाळा तिथेच होतो. पंख्याखाली वाफ जाऊ द्या, तासाभराच्या आत झाकून फ्रिजमध्ये. चोवीस तासांत संपवा. एकदाच, पूर्ण वाफा येईपर्यंत गरम करा. फोडणीत मूठभर मोड आलेले मूग टाकलेत तर जिवाणूंना भातापेक्षा त्यांच्यातूनच जास्त मिळेल.

रोज रात्री इसबगोल घेते, तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. आणि ते ‘प्रीबायोटिक’ (चांगल्या जिवाणूंचं खाद्य) असल्यामुळे ब्युटिरेटसाठी वेगळं काही करायला नको, असं दुकानदार म्हणाला. – एक वाचक, पुणे

दुकानदाराचं म्हणणं बरोबर नाही. इसबगोलाच्या भुशीचा गुण नेमका उलटा आहे : जिवाणूंना ती फारशी खाता येत नाही. म्हणूनच तिने धरून ठेवलेलं पाणी शेवटपर्यंत टिकतं आणि मळ मऊ राहतो. मळ पुढे सरकवायला ती उत्तम, ब्युटिरेटसाठी जवळपास निरुपयोगी. तुम्हाला दोन्ही लागणार : सरकवणारं इसबगोल आणि जिवाणूंना खायला भाकरी-उसळ.

मळ रेंगाळला तर काय होतं तेही सांगतो, कारण ‘दोन दिवसांनी झालं तरी काय बिघडलं’ असं बरेच जण विचारतात. टेलला चोथा संपला की जिवाणू उपाशी राहत नाहीत, ते प्रथिनांवर वळतात. त्यातून अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड आणि पॅरा-क्रेसॉल बनतं. पॅरा-क्रेसॉल शरीरात क्रेसिल सल्फेट होऊन मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, आणि मूत्रपिंडाचं काम वयाबरोबर मंदावलेलं असलं तर रक्तात साचतं. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या तर दोन वाटा आहेत. काही जिवाणू त्यापासून इंडोल-प्रोपिओनिक आम्ल बनवतात, ते अस्तराचे सांधे घट्ट राखायला मदत करतं. दुसऱ्या वाटेने नुसतं इंडोल तयार झालं तर यकृत त्याचं इंडॉक्सिल सल्फेट करतं, जे मूत्रपिंडाच्या रुग्णांना नकोसं असतं. वाट कोणती, हे बरंचसं चोथ्यावर ठरतं. चोथा असेपर्यंत जिवाणू आधी तो खातात आणि प्रथिनांच्या वाटेला कमी जातात.

आता तुमचं इसबगोल. बहुतेक घरात चुकतं ते पाण्यात. अर्ध्या कपात कालवून, पाच मिनिटांनी लापशी झाल्यावर गिळलं जातं. ते पाणी इसबगोलालाच पुरत नाही, मग ते आतड्यातलं ओढून घेतं आणि मळ उलट घट्ट बसतो. एक चमचा भुशी, पूर्ण पेलाभर (250 मिली) पाणी, ढवळून लगेच प्यायचं, घट्ट व्हायच्या आत. वर आणखी अर्धा पेला. आठवड्याने गरज वाटली तर दोन चमचे, पाणीही त्याच प्रमाणात. घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. इतर गोळ्यांत, विशेषतः थायरॉइडच्या, दोन तासांचं अंतर ठेवा. कोरडी भुशी तोंडात टाकून वरून घोट घेणं धोक्याचं आहे, ती अन्ननलिकेत फुगून अडकते. गिळायला त्रास होणाऱ्यांनी, पार्किन्सनच्या रुग्णांनी आणि हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाण्यावर मर्यादा असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनीही बद्धकोष्ठ होतं, तुमच्या डब्यात त्या आहेत का पाहा. कमोडवर बसताना पायाखाली वीतभर उंचीचा पाट घ्या, आणि सकाळच्या नाश्त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत बसा, आतड्याची हालचाल तेव्हा जोरात असते.

शौचाची सवय अलीकडेच बदलली असेल, रक्त जात असेल, वजन किंवा हिमोग्लोबिन कारण नसताना उतरलं असेल, तर हे सदर बाजूला ठेवून पोटविकारतज्ज्ञांकडे जा. तिथे दुर्बिणीची तपासणी लागते, भाकरी-उसळीने भागत नाही.

आमच्याकडे डाळिंबाच्या बागा आहेत. डाळिंबातून म्हातारपण थोपवणारं युरोलिथिन मिळतं म्हणून घरात सालीची पूड खायला सुरुवात झाली आहे. द्यावी का आईला? – एक वाचक, सांगोला

देऊ नका. आणि युरोलिथिन डाळिंबात नसतं. डाळिंबात एलॅजिटॅनिन नावाची तुरट द्रव्यं असतात, त्यांतलं मुख्य प्युनिकॅलॅजिन, आणि ती जास्त करून सालीत आणि दाण्यांमधल्या पांढऱ्या पापुद्र्यात असतात. आतड्यात त्यांचं एलॅजिक आम्ल होतं आणि मोजके जिवाणू त्यापासून युरोलिथिन ए बनवतात. हे जिवाणू सगळ्यांकडे पुरेसे नसतात. पाश्चात्त्य देशांतल्या एका चाचणीत डाळिंबाचा रस पिणाऱ्या दहा जणांतल्या साधारण चौघांच्याच रक्तात ते नीट दिसलं. तुमच्या आईच्या पोटात कारखाना नसेल तर कच्चा माल कितीही ओता.

तयार युरोलिथिनच्या गोळ्यांवर 2022 साली प्रसिद्ध झालेली चाचणी पाहा : 65 ते 90 वयाचे 66 जण, चार महिने, रोज 1000 मिलिग्रॅम. हाताच्या आणि पायाच्या ठरावीक स्नायूंचा दम वाढला. पण सहा मिनिटांत किती अंतर चालतात, या मुख्य कसोटीत खोट्या गोळीच्या तुलनेत ठोस फरक पडला नाही. युरोलिथिनने कृमींचं आयुष्य वाढल्याची 2016 ची बातमी खरी आहे, पण ते मिलिमीटरभर लांबीचे कृमी होते.

सालीची पूड तुरट, मळ बांधणारी; जुलाबावर ती घरोघरी देतात ती त्याचसाठी. बद्धकोष्ठ असलेल्या वृद्धेला तिचा उलट त्रास. शिवाय तेल्या रोगासाठी आणि किडीसाठी झाडावर काय काय आणि कधी फवारलं, हे तुम्हाला आमच्यापेक्षा नीट माहीत आहे. ती फवारणी सालीवरच बसते. अर्धं डाळिंब बियांसकट, दात असतील तर चावून, थोडा पांढरा पापुद्राही राहू देऊन खाल्लं की पुरे. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू असेल किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पोटॅशियमवर बंधन असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर प्रोबायोटिकच्या कॅप्सूल घेतल्याच पाहिजेत का? वय 74. – एक वाचक, ठाणे

घेतल्याच पाहिजेत असं नाही. इस्रायलमधल्या 2018 च्या एका छोट्या अभ्यासात, अँटिबायोटिकनंतर 11 प्रकारच्या जिवाणूंचं प्रोबायोटिक घेणाऱ्यांत स्वतःचे जिवाणू परत यायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. घरचं दही-ताक आणि नेहमीचं चोथ्याचं जेवण चालू ठेवा.

लक्ष ठेवायचं ते दुसरीकडे. आतड्यातले काही जिवाणू पित्तातल्या आम्लांचं रूप बदलतात, आणि ही बदललेली आम्लं क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसाइल या त्रासदायक जिवाणूला वाढू देत नाहीत. जपानमधल्या शंभरी ओलांडलेल्या लोकांच्या आतड्यात असंच एक आम्ल, आयसोॲलोलिथोकोलिक, ठळकपणे जास्त आढळलं; 2021 साली ते प्रसिद्ध झालं. अँटिबायोटिकने हे पहारेकरी जिवाणू मरतात. म्हणून गोळ्या चालू असताना किंवा नंतरच्या दोन-तीन महिन्यांत दिवसाला तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखे जुलाब झाले, तर जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून घेऊ नका, डॉक्टरांना अँटिबायोटिकचं नाव सांगा. रोजची ॲसिडिटीची गोळीही हा धोका वाढवते. ती का आणि किती दिवस, हे एकदा विचारा. एकदम तोडू मात्र नका, आम्ल उसळी मारतं.

मळातलं ब्युटिरेट मोजून देणारं पॅकेज करून घ्यावं का? – एक वाचक, मुंबई

पैसे वाचवा. बनलेल्या आम्लांपैकी 90 ते 95 टक्के अस्तर शोषून घेतं, मळात उरतं ते उरलंसुरलं. आकडा कमी आला तर कमी बनलं की सगळं शोषलं गेलं, हे त्यावरून कळत नाही. जुलाब होत असतील तर तोच आकडा फसवा वाढतो, कारण शोषायला वेळच मिळत नाही.

आईला चावता येत नाही म्हणून नाचणीचं सत्त्व देतो. चोथा मिळतो ना त्यातून? – एक वाचक, कणकवली

सत्त्व करताना नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळता ना? फडक्यात जो चोथा उरतो तो फेकला जातो, आणि खाली बसतं ते बहुतांशी स्टार्च. पचायला हलकं, आजारपणात ठीक, पण आतड्याच्या टेलसाठी त्यात फारसं काही नाही. त्याऐवजी अख्ख्या नाचणीचं बारीक दळलेलं, न चाळलेलं पीठ घ्या : दोन मोठे चमचे पीठ अर्ध्या वाटी पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, दीड वाटी उकळत्या पाण्यात धार धरून ओता, मंद आचेवर सात-आठ मिनिटं हलवत शिजवा. कोमट झाल्यावर ताक आणि मीठ घाला. घशाला खरखरीत लागलं तर पीठ आदल्या रात्री भिजवून ठेवा. फडकं नको.